वारा पडला की गलबतं सुटायची

साखरखेर्डा ठाऊक आहे ना? आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं गाव. तिथे १७२४ साली निजामाने मुघल सुभेदार मुबारिझखानाला हरवलं. इकडे मैदानात घोडी दौडत होती, तेव्हा तिकडे कोकणच्या समुद्रावर कान्होजी आंग्र्यांचा दरारा होता. ते मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख.

त्यांचा नियम सरळ होता. आमच्या किनाऱ्याजवळून माल न्यायचाय? पैसे भरा, दस्तक घ्या. दस्तक नसेल तर जहाज जप्त! इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी रागाने त्यांना चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, म्हणायची. पण पोर्तुगीजही कितीतरी आधीपासून असेच परवाने द्यायचे आणि परवाना नसलेली जहाजं पकडायचे. मग कान्होजीच तेवढे चाचे कसे? मला तरी हे मुळीच पटत नाही.

आता खरी गंमत. कंपनीची जहाजं केवढाली, दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगा! ती हाती लागायची कशी?

वाऱ्यामुळे! दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, म्हणून समुद्राकडून खारे वारे येतात. रात्री ती लवकर निवते, मग जमिनीवरून मतलई वारे सुटतात. ही अदलाबदल होताना कधीकधी वारा अगदीच पडतो. शिडाचं जहाज तेव्हा बैल सोडलेल्या गाडीसारखं जागच्या जागी! त्याला वळताही येत नाही.

आंग्र्यांच्या गलबतांना मात्र चाळीस-पन्नास वल्ही असायची. वारा नसला तरी ती निघायची, आणि तोफा असलेल्या जड गुराब जहाजांना दोर बांधून ओढतही न्यायची. कुठे? थेट शत्रूच्या मागे! कारण त्याच्या बहुतेक तोफा बाजूंना, पिछाडीला फारच थोड्या. गुराबांच्या मोठ्या तोफा मात्र पुढे तोंड करून बसवलेल्या. पहिला नेम डोलकाठ्या आणि दोरखंडांवर. ते तुटले की वारा आला तरी जहाज पांगळंच. मग गलबतांतून शेकडो माणसं चहूबाजूंनी त्यावर चढायची.

१७१२ च्या नोव्हेंबरात तर मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरचं स्वतःचं 'अल्जेरीन' जहाजच पकडलं गेलं. त्यात कंपनीचा कारवारचा मुख्य अधिकारी मारला गेला आणि त्याची बायको कैद झाली. ती आणि जहाज सोडवायला कंपनीला तीस हजार रुपये मोजावे लागले.

पुढे १७५६ मध्ये इंग्रजांनी आंग्र्यांच्या विजयदुर्ग किल्ल्यावर हल्ला केला. बंदरात कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांची जहाजं एकमेकांना खेटून उभी होती. त्यांतलं 'रिस्टोरेशन' हे कंपनीचंच, पूर्वी पकडलेलं. इंग्रजांचा गोळा नेमका त्यावर पडला आणि ते पेटलं. लाकूड, कापडी शिडं, दोर. आग या जहाजावरून त्या जहाजावर धावत गेली आणि सारं आरमार जळालं. त्या मोहिमेत नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. तुळाजींशी त्यांचं भांडण होतं हे खरं, पण त्या भांडणापायी मराठ्यांचं एवढं आरमार गेलं, याचं मला फार वाईट वाटतं.