किरणोत्सारी आयोडीन थायरॉईडमध्येच का साठतं? आयोडीनयुक्त मिठाने बचाव होतो का?

2011 मध्ये जपानच्या फुकुशिमा इथे अणुदुर्घटना झाली आणि चीनमध्ये मिठासाठी दुकानांवर झुंबड उडाली. आयोडीनयुक्त मीठ खाल्लं की किरणोत्सार बाधत नाही, असा समज पसरला होता. तो खरा आहे का?

थायरॉईड फसते कशी?

गळ्याच्या पुढच्या भागातली ही ग्रंथी आयोडीनपासून हार्मोन बनवते. तिच्या पेशींवरचे प्रथिनांचे 'पंप' रक्तातलं आयोडीन आत ओढतात. अणुभट्टीत तयार होणारं आयोडीन-131 आणि मिठातलं आयोडीन यांत या पंपांना फरक कळत नाही. आत साठलेलं आयोडीन-131 आसपासच्या पेशींना इजा करतं. ते दर आठ दिवसांनी निम्मं होतं.

1986 च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर ते गवतातून गायींच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या शरीरात गेलं. पुढे अनेक मुलांना थायरॉईडचा कर्करोग झाला. याच गुणधर्माचा उपयोग उपचारातही होतो. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये थायरॉईडच्या कर्करोगावर आयोडीन-131 दिलं जातं. त्याआधी रुग्णाला काही दिवस आयोडीन कमी असलेला आहार घ्यायला सांगतात, कारण भुकेलेली ग्रंथी ते जास्त शोषते.

मग मीठ का पुरत नाही?

अणुदुर्घटनेत प्रौढांना पोटॅशियम आयोडाईडची 130 मिलिग्रॅमची गोळी देतात. तिच्यात सुमारे 100 मिलिग्रॅम आयोडीन असतं. ग्रंथी त्याने आधीच भरते आणि किरणोत्सारी आयोडीनला जागा उरत नाही. एक किलो मिठात मात्र किमान 15 मिलिग्रॅमच आयोडीन असतं. म्हणजे एका गोळीइतक्या आयोडीनसाठी साडेसहा किलो मीठ खावं लागेल! गोळीही प्रशासनाने सांगितल्यावरच घ्यायची. इतर किरणोत्सारी पदार्थांवर तिचा उपयोग नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीसाठी याचा अर्थ काय?

या जिल्ह्यांत अणुवीज प्रकल्प नाही. तारापूर राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पालघर जिल्ह्यात आहे. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र कोळशावर चालतं आणि कोळसा जाळून आयोडीन-131 तयार होत नाही.

इथे आयोडीनयुक्त मीठ हवं ते रोजच्या गरजेसाठी. प्रौढाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदरपणात त्याहून जास्त. ते कमी पडलं तर गलगंड होऊ शकतो आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. म्हणून आठवडी बाजारात सुटं खडेमीठ घेण्यापेक्षा आयोडीनयुक्त मिठाचं पाकीट घ्या आणि डबा घट्ट बंद ठेवा. मीठ मात्र नेहमीइतकंच खा.