ध्वनितरंग : वर्गाने मिळून करावयाचे प्रात्यक्षिक

दिल्ली शहराच्या उत्तरेस खडकाळ टेकडीची जी लांब रांग आहे, तिच्यावरील एका जागेला हिंदूराव हे मराठी नाव आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव हे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू होत. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ साली खून झाल्यानंतर त्याचा येथील बंगला हिंदूरावांनी घेतला आणि त्यांचे नाव त्या जागेस कायमचे चिकटले. १८५७ च्या वेढ्यात हा बंगला इंग्रज फौजेचे मुख्य ठाणे होता व त्यावर शहराच्या तटावरून तोफांचा मारा होत असे. दूरच्या तोफेचा जाळ डोळ्यांना आधी दिसतो आणि तिचा आवाज कानी मागाहून पडतो. तोफ एक किलोमीटर दूर असेल, तर हे अंतर सुमारे तीन सेकंदांचे असते. ध्वनीला प्रवासास वेळ लागतो, याचा याहून ढळढळीत पुरावा नाही.

आज त्याच जागी महानगरपालिकेचे हिंदूराव रुग्णालय आहे. तेथे तोफच काय, ढोल किंवा फटाकाही वाजविणे योग्य नाही. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांत रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या सभोवारचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून राखण्याची तरतूद आहे. अशा क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा ५० व रात्री ४० डेसिबेल आहे. मग या परिसरातील एखाद्या शाळेच्या भौतिकीच्या वर्गास ध्वनितरंगाचे प्रात्यक्षिक करावयाचे असल्यास त्याने काय करावे? सुदैवाने ध्वनीचे स्वरूप समजून घेण्यास मोठा आवाज लागत नाही. पुष्कळसे काम अगदी निःशब्दपणे करता येते. मात्र ते एकट्या विद्यार्थ्याचे काम नव्हे. त्यास सबंध वर्ग लागतो.

फळ्यावरील रेघ

ध्वनितरंग शिकविताना फळ्यावर बहुधा एक नागमोडी रेघ काढली जाते. ही रेघ उपयुक्त आहे, पण तिच्यामुळे एक गैरसमज मनात घर करून बसतो. ध्वनी हवेतून सापासारखा वर-खाली वळसे घेत जातो, असे विद्यार्थ्यास वाटू लागते. वस्तुतः हवेतील ध्वनितरंगात हवेचे कण वर-खाली होत नाहीत. तरंग ज्या दिशेने जातो, त्याच दिशेने ते किंचित पुढे व किंचित मागे झुलतात. त्यामुळे कोठे हवेची दाटी होते, कोठे ती विरळ होते. दाटीस संपीडन व विरळपणास विरलन म्हणतात. ही दाटी पुढे सरकते, हवा मात्र जागच्या जागी राहते. नागमोडी रेघ हे हवेचे चित्र नसून तिच्यातील दाबाचा किंवा कणांच्या सरकण्याचा आलेख आहे. हा भेद ज्याला उमगला नाही, त्याला पुढील सारी गणिते पाठ करावी लागतात. म्हणून प्रात्यक्षिकाची सुरुवात येथूनच करावी.

विद्यार्थ्यांचा तरंग

शाळेच्या पटांगणात खडूने एक सरळ रेघ आखावी व तिच्यावर ५० सेंटिमीटर अंतराने २४ खुणा कराव्यात. प्रत्येक खुणेच्या पुढे व मागे २० सेंटिमीटरवर आणखी एकेक छोटी खूण असावी. २४ विद्यार्थ्यांनी एकाच दिशेस तोंड करून आपापल्या मधल्या खुणेवर उभे राहावे. एकाने संथपणे ठोके मोजावेत. पहिल्या विद्यार्थ्याने आठ ठोक्यांत एक झोका पुरा करावयाचा : दुसऱ्या ठोक्यास तो पुढच्या खुणेवर, चौथ्यास मधल्या, सहाव्यास मागच्या आणि आठव्यास पुन्हा मधल्या खुणेवर येतो. दुसऱ्याने नेमके तेच करावयाचे, परंतु एक ठोका उशिरा. तिसऱ्याने त्याहून एक ठोका उशिरा. याप्रमाणे रांगेच्या टोकापर्यंत चालावे.

उरलेल्या विद्यार्थ्यांनी वरच्या मजल्याच्या सज्जातून पाहावे. त्यांतील निम्म्यांनी डोक्यास लाल रुमाल बांधलेल्या एकाच विद्यार्थ्यावर दृष्टी ठेवावी आणि निम्म्यांनी रांगेतील दाटीवर. पहिला गट सांगेल की, लाल रुमाल कोठेच गेला नाही. तो आपल्या खुणेभोवती झुलत राहिला. दुसरा गट सांगेल की, दाटी रांगेच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे चालत गेली. दोन्ही विधाने खरी आहेत आणि ध्वनितरंगाचे सारे मर्म त्यांच्यात आले आहे.

आता मोजमाप. एका दाटीपासून पुढच्या दाटीपर्यंत आठ जागा, म्हणजे ४ मीटर अंतर भरते. ही तरंगलांबी होय. ठोका एका सेकंदाचा असेल, तर एक झोका ८ सेकंदांत पुरा होतो. म्हणजेच दर सेकंदास झोक्याचा आठवा हिस्सा होतो. ही कंप्रता होय. दोहोंचा गुणाकार केल्यास अर्धा मीटर दर सेकंदास हा वेग मिळतो, आणि सज्जातील गटाने घड्याळ लावून मोजलेला दाटीचा वेगही तितकाच येतो. तरंगलांबी व कंप्रता यांचा गुणाकार म्हणजे तरंगाचा वेग, हे सूत्र अशा रीतीने पायांनी चालून सिद्ध होते.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. पुष्कळांस वाटते की, जो विद्यार्थी सर्वांत पुढे सरकला आहे, तेथे दाटी असेल. प्रत्यक्षात दाटीच्या मधोमध असलेला विद्यार्थी नेमका आपल्या मधल्या खुणेवर असतो. त्याच्या मागचे पुढे सरकलेले व पुढचे मागे सरकलेले असल्याने त्याच्याभोवती गर्दी होते. त्या क्षणी तो पुढच्या दिशेने सर्वांत वेगाने जात असतो. कोणत्याही ठोक्यावर रांग थांबवून हे पडताळून पाहता येते.

या प्रयोगाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. विद्यार्थी ठोके मोजून हलतात. हवेचे कण मोजणी करीत नाहीत, ते शेजाऱ्यास ढकलतात. हे दाखविण्यास तारेची एक लांब मऊ स्प्रिंग जमिनीवर सुमारे ३ मीटर ताणून धरावी आणि तिच्या एका वेढ्यास रिबिनीचा तुकडा बांधावा. एका टोकाचे आठ-दहा वेढे एकत्र दाबून सोडल्यास दाटी दुसऱ्या टोकापर्यंत धावत जाते. रिबीन मात्र किंचित हलून जागेवर येते. तसेच, विद्यार्थ्यांचा झोका २० सेंटिमीटरचा असला, तरी साध्या संभाषणात हवेचे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पुष्कळ कमी झुलतात.

ज्योत विझविणारा डबा

ध्वनीच्या प्रात्यक्षिकांत एक प्रयोग फार लोकप्रिय आहे. मोठ्या डब्याच्या एका बाजूस रबराचा पडदा ताणून बसवितात, दुसऱ्या बाजूस मध्यभागी भोक पाडतात आणि भोकासमोर जळती मेणबत्ती ठेवतात. पडद्यावर थाप मारताच ज्योत विझते. ध्वनितरंगाने ज्योत विझविली, असे प्रेक्षकांस सांगण्यात येते. हे स्पष्टीकरण चूक आहे. भोकातून हवेचे एक फिरते कडे बाहेर पडते व तेच ज्योतीवर आदळते. येथे हवा स्वतः डब्यापासून ज्योतीपर्यंत प्रवास करते.

वर्गास हे सांगण्यापेक्षा शोधून काढावयास लावावे. मेणबत्ती २ मीटर दूर ठेवावी. ध्वनीला हे अंतर तोडण्यास सेकंदाचा सुमारे १७० वा भाग पुरतो. तेव्हा थाप व ज्योतीची हालचाल एकाच क्षणी व्हावयास हवीत. प्रत्यक्षात थाप ऐकू आल्यावर काही वेळाने ज्योत हलते, हे मागच्या बाकावरूनही दिसते. डब्यात उदबत्तीचा धूर भरल्यास ते कडे डोळ्यांनाही दिसते. म्हणून हा प्रयोग गाळू नये. ध्वनी म्हणजे काय नव्हे, हे शिकविण्यासाठी तो अवश्य करावा.

नळी, पाणी व नादकाटा

यानंतर खऱ्या ध्वनीकडे वळावे. दर सेकंदास ५१२ कंपने करणारा नादकाटा, ४ सेंटिमीटर व्यासाची व ६० सेंटिमीटर लांबीची प्लॅस्टिकची नळी आणि निदान ५० सेंटिमीटर पाणी राहील असे उंच पिंप एवढे साहित्य पुरते. नादकाटा रबराच्या तुकड्यावर हलकेच मारून नळीच्या तोंडाशी धरावा व नळी पाण्यातून हळूहळू वर उचलावी. एका ठरावीक उंचीस तो क्षीण स्वर एकाएकी भरदार होतो. यास अनुस्पंदन म्हणतात. नळीतील हवेच्या स्तंभाची लांबी तरंगलांबीच्या सुमारे चतुर्थांश झाली की ते घडते, आणि पाऊणपट झाली की पुन्हा घडते.

नळीच्या तोंडाशी कंपन पावणारी हवा किंचित बाहेरही डोकावते. म्हणून पहिली लांबी हिशेबापेक्षा सुमारे एक सेंटिमीटर कमी भरते. दोन्ही लांबींची वजाबाकी केल्यास ही चूक निघून जाते व अर्धी तरंगलांबी अचूक मिळते. तिची दुप्पट करून ५१२ ने गुणल्यास ध्वनीचा वेग हाती येतो.

दोन टाळ्या

ध्वनीचा वेग सरळ वेळ मोजूनही काढता येतो. मद्रासच्या वेधशाळेतील जॉन गोल्डिंगहॅम यांनी फोर्ट सेंट जॉर्ज व सेंट टॉमस माउंट येथील तोफांचा उपयोग करून असे वेध घेतले आणि ते १८२३ साली प्रसिद्ध केले. निरनिराळ्या महिन्यांत वेग निराळा येतो, हेही त्यांना आढळले. आज तोफेऐवजी दोन मोबाइल फोन पुरतात. आवाज झाला की सुरू होणारे व पुढच्या आवाजास थांबणारे विरामघड्याळ फोनवर मिळते. बंद खिडक्यांच्या लांब व्हरांड्यात दोन फोन नेमके १० मीटर अंतरावर ठेवावेत. पहिल्या फोनजवळ एकाने हलकी टाळी वाजवावी, क्षणभराने दुसऱ्या फोनजवळ दुसऱ्याने. पहिल्या फोनचे घड्याळ दुसऱ्याच्या घड्याळापेक्षा थोडे जास्त दाखविते. हा फरक म्हणजे ध्वनीस २० मीटर जाण्यास लागलेला वेळ होय. वीस वेळा मोजून सरासरी घ्यावी. अंतर फितीने काळजीपूर्वक मोजावे, कारण १० सेंटिमीटरच्या चुकीने उत्तरात शेकडा एकाची चूक येते.

दोन ऋतूंची नोंदवही

ध्वनीचा वेग शून्य अंश सेल्सिअस तापमानास सुमारे ३३१ मीटर दर सेकंदास असतो व प्रत्येक अंशामागे सुमारे ०.६ मीटरने वाढतो. दिल्लीचे हवामान या दृष्टीने मोठे सोयीचे आहे. जानेवारीच्या सकाळी १० अंश तापमान असता वेग सुमारे ३३७ भरेल, तर एप्रिलअखेरच्या दुपारी ४० अंशांस तो सुमारे ३५५ भरेल. नळीतील दोन लांबींची वजाबाकी हिवाळ्यात सुमारे ३२.९ सेंटिमीटर, तर उन्हाळ्यात सुमारे ३४.७ येईल. व्हरांड्यातील वेळ सेकंदाच्या ५९ सहस्रांशांवरून ५६ सहस्रांशांवर उतरेल. साध्या पट्टीने व फोनने टिपता येईल एवढा हा फरक आहे.

म्हणून हा प्रकल्प एका दिवसात आटपू नये. एक गट तापमान नोंदवील, एक लांबी, एक वेळ. आणि सर्व आकडे एकाच नोंदवहीत तारखेसह लिहिले जातील. हिवाळ्यातील आकडे उन्हाळ्यापर्यंत जपून ठेवावेत आणि अपेक्षेपेक्षा निराळा आलेला आकडा खोडू नये. नळी व टाळी या दोन भिन्न वाटांनी निघालेले वेग जुळतात की नाही, हे वर्गाने मिळून तपासावे. जुळत नसल्यास चूक नळीत आहे, फितीत आहे की तापमापकात, याचा शोध घेणे हाही प्रकल्पाचाच भाग होय. एवढे सारे करूनही शेजारच्या रुग्णालयातील कोणाची झोपमोड होण्याचे कारण नाही.