सारा बार्टमन : अहवालातच नोंदवलेला नकार

पीएच.डी.ची तयारी करताना ‘संमतीपत्र’ हा शब्द तुमच्या कानावर पडतोच. फॉर्म भरायचा, सह्या घ्यायच्या, झालं! पण संमती नसताना विज्ञान काय करू शकतं, हे बघायचं असेल तर सारा बार्टमनची गोष्ट माहीत हवी.

सारा दक्षिण आफ्रिकेतल्या खोईखोई समाजाची. केपटाऊनमध्ये ती घरकाम करायची. १८१० मध्ये तिला लंडनला नेलं आणि तिकीट लावून तिचं शरीर लोकांना दाखवलं. गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते कोर्टात गेले. पण आपल्यावर जबरदस्ती नाही, असं तिने सांगितल्याची नोंद झाली आणि खेळ चालूच राहिले. आता विचार करा : परक्या देशात, मालकांवर अवलंबून असताना दिलेल्या त्या होकाराला किती अर्थ होता?

१८१४ मध्ये तिला पॅरिसला नेलं. मार्च १८१५ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी तिला तपासलं. जननेंद्रिय मात्र तिने दाखवलं नाही, झाकूनच ठेवलं. त्याच वर्षाच्या अखेरीस ती वारली. मग जॉर्ज क्युव्हिए या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने तिचं विच्छेदन केलं आणि तिने नाकारलेली तपासणी मृतदेहावर उरकली. १८१७ मध्ये त्याचा अहवाल छापून आला. तिचा सांगाडा आणि शरीराचा साचा १९७० च्या दशकापर्यंत पॅरिसमध्ये प्रदर्शनात होता.

गंमत नव्हे, भीती वाटावी अशी गोष्ट पुढे आहे. क्युव्हिए तिची तुलना माकडांशी करतो. आणि त्याच अहवालात लिहितो, की तिची स्मरणशक्ती चांगली होती, तिला डच बऱ्यापैकी यायची, थोडी इंग्रजी यायची आणि ती फ्रेंच शिकू लागली होती. पुरावा त्यानेच नोंदवला, पण निष्कर्ष जागचा हलला नाही.

साराने स्वतः लिहिलेलं काहीच आपल्या हाती नाही. म्हणूनच कलावंतांचं काम महत्त्वाचं ठरतं. डायना फेरस या दक्षिण आफ्रिकी कवयित्रीने १९९८ मध्ये तिला घरी न्यायला आल्याची कविता लिहिली. ती फ्रेंच सिनेटपर्यंत पोहोचली. २००२ मध्ये फ्रान्सने खास कायदा केला आणि त्याच वर्षी ९ ऑगस्टला, दक्षिण आफ्रिकेच्या महिला दिनी, साराचं हँकी इथे दफन झालं.

पण कलेलाही हाच प्रश्न चुकत नाही. विली बेस्टर यांनी भंगार धातूतून घडवलेलं साराचं शिल्प केपटाऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात होतं. २०१६ मध्ये त्यावर कापड गुंडाळलं गेलं. हेतू निषेधाचा असला, तरी तिला पुन्हा उघडं उभं करायचं का, हा वाद झाला. २०१८ मध्ये त्याच विद्यापीठाने आपल्या मुख्य सभागृहाला तिचं नाव दिलं. तिथे तिचं शरीर नाही, नुसतं नाव आहे.

जुना अहवाल, नमुना किंवा फोटो वापरताना तीन प्रश्न विचारा. हे कोणी नोंदवलं? ज्याच्याबद्दल आहे, त्याला नाही म्हणता येत होतं का? आणि तो नाही म्हणाला असेल, तर तो नकार आपल्या प्रबंधात कुठे दिसणार आहे?