रंग कधी चढला?

१५ नोव्हेंबर १८६२च्या ‘हार्पर्स वीकली’त पानभर चित्र आहे. झाडाच्या फांदीवर बसून एक नेमबाज दुर्बीण लावलेली बंदूक रोखतो आहे आणि बाजूला त्याची पाण्याची बाटली लटकते आहे. चित्रकार विन्स्लो होमर तेव्हा २६ वर्षांचा होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते आणि न्यूयॉर्कचे हे साप्ताहिक ते घरोघरी पोचवत होते.

साप्ताहिकातली अशी चित्रे बॉक्सवुड या कठीण लाकडात कोरली जात. हे झाड जाड होत नाही. त्यामुळे लहान ठोकळे मागून बोल्टने आवळून मोठा ठसा तयार करत. चित्र काढून झाले की ठोकळे सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना वाटत. कोरून झाल्यावर ते पुन्हा जोडून सांध्यावरच्या रेषा जुळवत. त्यावरून तांब्याची प्रतिकृती काढून ती यंत्रावर चढे. आज भिंग धरून पाहिले, तर आभाळातून किंवा एखाद्याच्या कोटावरून सरळ गेलेली केसाएवढी पांढरी रेघ सापडते. तोच सांधा! संग्राहकाला याहून मोठा आनंद नाही.

छपाई मात्र फक्त काळ्या शाईत होई. आज बाजारात दिसणाऱ्या या पानांवरचे जलरंग बहुतेक वेळा नंतर कुणीतरी भरलेले असतात. याच साप्ताहिकाचा चित्रकार थॉमस नास्ट याचा १ जानेवारी १८८१चा सांताक्लॉज लाल कोटात विकला जातो, पण अंकात तो काळा-पांढराच होता. होमरने २० सप्टेंबर १८७३च्या अंकात हातात हात घालून धावणारी अनवाणी पोरे दोन पानभर चितारली, तीही निव्वळ उजेड-सावलीच्या बळावर. त्यावर निळा-हिरवा फासणे म्हणजे कोरणाऱ्याच्या मेहनतीवर पडदा टाकणे.

पक्षी-चित्रकार ऑड्युबॉनच्या पक्ष्यांची गोष्ट वेगळी. १८२७ ते १८३८ या काळात निघालेली ती ४३५ चित्रे तांब्याच्या पत्र्यावरून छापून मुख्यतः लंडनमधल्या हॅवेलच्या कारखान्यात हाताने रंगवली गेली. तिथे रंग हा मूळ कृतीचाच भाग आहे.

म्हणून ‘हार्पर्स’चे पान घेताना ते उलटून पाहा. मागे त्याच अंकाचा मजकूर हवा आणि दोन पानी चित्राला मधली घडी हवी. रंग कधी भरला, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा. त्याला सांगता आले नाही, तर रंगासाठी एक पैसाही जास्त देऊ नका.