धोतरा : देवाचे फळ, माणसाचे विष

मुळशीच्या बांधांवर, उकिरड्याच्या कडेला काटेरी फळांचा धोतरा उभा असतो. महाशिवरात्रीस आपण तो शंकराला वाहतो. त्याचे दुसरे रूपही जुने आहे. चोर अन्नात धोतरा घालून घरे लुटत, असे गार्सिया द ओर्ता ह्या वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात नमूद केले आहे.

हे घडते कसे? धोतऱ्यात, विशेषतः बियांत, अ‍ॅट्रोपिन, हायोसायमिन व स्कोपोलामिन ही द्रव्ये असतात. मज्जातंतूंचे निरोप पोचवणारे एक रसायन ती अडवतात. तासाभरात तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, अंग तापते, लघवी तुंबते. माणूस हवेतल्या वस्तू वेचतो, नसलेल्यांशी बोलतो. आणि हा भास आहे हे त्याला उमगत नाही. असे एक-दोन दिवसही चालते. कधी प्राणही जातो.

अ‍ॅट्रोपिन औषधही आहे. काही कीटकनाशकांच्या विषबाधेवर डॉक्टर तेच टोचतात. पण तेथे मात्रा मोजलेली असते. रानात ती झाडागणिक बदलते. म्हणून ‘थोडे घेतले तर चालते’ हे म्हणणे खोटे.

असा मजूर बरळू लागला की मुकादम म्हणतो, ‘प्यायला आहे’. घरचे म्हणतात, ‘बाहेरचे झाले’. दोन्हींत मोलाचा वेळ जातो. ओकारी काढू नका, एकटे सोडू नका. १०८ ला फोन करा, झाडाची फांदी बरोबर द्या. आधी दवाखाना, दोष कोणाचा, हे मागाहून पाहू.