मोबाइलवरचा पंप आणि कोळशाचा धूर

विहिरीवरील विजेचा पंप घरबसल्या मोबाइलवरून चालू-बंद करण्याची सोय महाराष्ट्रांतील बागाइतदारांत आतां चांगलीच रूढ झाली आहे. रात्रपाळीची वीज आली म्हणजे काळोखांत, विंचूकाट्यांतून विहिरीवर जाण्याचा त्रास तिनें वांचविला, हें श्रेय तिला दिलेंच पाहिजे. तथापि अशा साधनांनीं हवेंत जाणारा कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कर्बवायु, आपोआप घटतो असें जें सरसकट सांगण्यांत येतें, तें तपासून घेणें अवश्य आहे.

पांच अश्वशक्तीचा पंप तासास चार युनिटांहून अधिक वीज घेतो. आपल्या देशांतील वीज बव्हंशीं कोळशावर होत असल्यामुळें एका युनिटामागें सरासरीनें सुमारें 700 ग्रॅम कर्बवायु हवेंत जातो. म्हणजे पंपाचा प्रत्येक तास सुमारें तीन किलोंचा झाला. पाणी पुरें होतांच घरूनच पंप बंद केला, तर ही बचत खरी. परंतु उठून जाण्याचा कंटाळा हाहि आजवर पाण्याच्या उपशावर एक अंकुशच होता! तो निघाल्यावर चार तासांचे सहा तास झाले, तर साधन सुधारूनहि धूर वाढेल.

इंग्लंडांत कोळशाच्या बाबतींत असेंच घडलें. वॅटचें वाफेचें यंत्र जुन्या यंत्रांपेक्षां पुष्कळ कमी कोळशावर चाले. पण त्यामुळेंच तें जागोजाग बसलें आणि कोळशाचा एकूण खप वाढत गेला, हें जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञानें 1865 सालीं दाखवून दिलें. आपल्याकडे तर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस राज्य सरकारनें 2024 पासून वीज मोफत केली आहे. तेव्हां अधिक चाललेले तास खिशास जाणवत नाहींत. ते उन्हाळ्यांत विहिरीच्या तळाशीं दिसतात.

शिवाय संगणकी कारभारास स्वतःची वीज लागते ती निराळीच. जगांतील संगणक-केंद्रांनीं 2024 सालीं सुमारें 415 अब्ज युनिटें वीज वापरली. हा जगाच्या एकूण वापराचा सुमारें दीड टक्का होय. पंपास धाडलेल्या एका संदेशाचा भार त्यांत नगण्य आहे, म्हणून त्याची धास्ती नको.

खरा लाभ दिसतो तो मोजमाप करणाऱ्या साधनांत. युरिया पिकाच्या गरजेहून अधिक पडला म्हणजे जमिनींतून नायट्रस ऑक्साइड हा वायु अधिक सुटतो, आणि वजनास वजन धरल्यास शंभर वर्षांच्या मुदतींत त्याची उष्णता रोखण्याची शक्ति कर्बवायूच्या सुमारें 273 पट भरते. ओलावा मोजून पाणी व ठिबकांतून खत बेतानें देणाऱ्या यंत्रानें पोत्यांची संख्या खरोखर उतरली, तर पैसा व हवा दोन्ही वांचतात.

यास्तव मोबाइलचा स्टार्टर घ्यावयाचाच, तर पंप किती तास चालला याची नोंद ठेवणारा घ्यावा, आणि हंगामाअखेर ती नोंद मागील हंगामाच्या नोंदीशेजारीं ठेवून पाहावी. सौर पंपवाल्यांपुढें कोळशाचा प्रश्न नाहीं. उपशाची ही नोंद मात्र त्यांनींहि ठेवावी.