फवाऱ्याची छटा, हाताची रेघ

पिंगळीसारख्या गावात नेलआर्टचं काय एवढं, असं मला परभणीतल्या ओळखीच्या बायकाही विचारतात. त्यांच्या मते ही पुण्या-मुंबईची हौस. त्यांनी एकदा लग्नसराईत माझ्या पार्लरमध्ये येऊन बसावं. नवरी, तिच्या दोन करवल्या, चुलत बहीण, झालंच तर नवऱ्या मुलाची बहीण, अशा सगळ्यांचे हात एका दुपारी माझ्यासमोर येतात. पिंगळी हे परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावरचं लहानसं स्टेशन. इथल्या मुली कॉलेजला परभणीत जातात आणि जगभरातली नखं त्यांच्या मोबाइलात असतात. कोरियातल्या एखाद्या मुलीनं काल कशी नखं रंगवली, ते आज त्यांना ठाऊक असतं.

गेल्या दोन-तीन हंगामांत एक फोटो फार येतो आहे. नखाच्या मुळाशी गुलाबी, टोकाला पांढरा, आणि मधे कुठे जोडच नाही. किंवा नखाच्या मध्यभागी रंगाचा एक पुसट गोळा, कडेला विरत गेलेला. मुली म्हणतात, "ताई, कुठं रंग संपला अन् कुठं सुरू झाला तेच कळंना, असंच पाहिजे बघा." हे काम एअरब्रशचं. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "तुमच्याकडं ती मशीन हाये का?" आहे. तरीही माझ्याकडच्या बहुतेक बायका शेवटी हातानं काढलेलं डिझाइनच घेऊन जातात. असं का होतं, हे नीट सांगावं म्हणून हा लेख.

एअरब्रश म्हणजे पेनासारखी धरायची छोटी पिचकारी. एका नळीनं ती कॉम्प्रेसरला जोडलेली असते. पोटात बारीक सुई आणि पुढे तोंडाचं भोक, साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटरचं. वरच्या चिमुकल्या वाटीत पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग थेंब-थेंब टाकायचा. वरचं बटण खाली दाबलं की नुसती हवा येते, मागे ओढलं की तिच्यासोबत रंग येतो. किती ओढायचं, यावर सगळी कला. हे यंत्र नखांसाठी जन्मलेलं नाही. अमेरिकेत अ‍ॅबनर पीलर नावाच्या माणसानं १८७९ साली त्याचं सुरुवातीचं रूप बनवलं आणि सुरुवातीला ते फोटो सुधारण्याच्या, रंगवण्याच्या कामी आलं. पुढे ते जाहिरातींत आलं, गाड्यांच्या रंगकामात आलं, आणि फार उशिरा बायकांच्या नखांवर.

बाटलीतलं नेलपेंटही तसं फार जुनं नाही. १९१७ मध्ये क्युटेक्सनं पातळ नेलपॉलिश बाजारात आणलं, १९३२ मध्ये रेव्हलॉननं दाट, झाकणारे रंग दिले, आणि आपल्याकडे टाटांनी १९५२ मध्ये लॅक्मे सुरू केली. माझ्या आजीच्या तरुणपणी खेड्यातल्या बाईच्या नखाला मेंदीचाच रंग होता.

नखांवर चित्रं काढायची हौस जगानं ठळकपणे पाहिली ती १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये. धावपटू फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर लांबलचक रंगवलेली नखं घेऊन धावली आणि सुवर्णपदकं घेऊन गेली. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या सलूनमध्ये एअरब्रशची चलती होती. कागदाचा छाप ठेवायचा, फवारा मारायचा, गिऱ्हाईक मोकळं. २०१० मध्ये बाटलीतून ब्रशनं लावायचं आणि दिव्याखाली वाळवायचं जेल पॉलिश आलं आणि रंग दोन-तीन आठवडे टिकू लागला. जेल दिव्याखाली धरेपर्यंत वाळत नाही, त्यामुळे रेघ चुकली तर पुसून पुन्हा काढता येते. हातानं काढणाऱ्यांना त्यानं मोठी मोकळीक दिली. मग २०२२ च्या सुमारास ती कडेला विरणारी पुसट वलयं आली आणि एअरब्रश पुन्हा कपाटातून बाहेर निघाला. म्हणजे लोकप्रियतेचा हा झोका मागे-पुढे होतच असतो.

आता आमच्या भागातली गोष्ट. मराठवाड्याचा उन्हाळा आणि लग्नसराई एकाच वेळी. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर, हवा कोरडी. अशा हवेत एअरब्रशच्या सुईच्या टोकावर रंग वाळून बसतो. एक नख छान, दुसरं छान, आणि तिसऱ्यावर फवाऱ्याऐवजी थेंब उडतात. सुईचं टोक ओल्या ब्रशनं पुसायचं, रंग आणखी पातळ करायचा, दुधाइतका, आणि पुन्हा आधी कागदावर मारून बघायचं. पावसाळ्यात दुखणं उलटं. हवेतला ओलावा कॉम्प्रेसरमध्ये पाणी होऊन नळीतून येतो आणि रंगात मिसळून डाग पाडतो. त्यासाठी नळीला पाणी अडवणारी बाटली लावावी लागते. ती स्वस्तातल्या सेटमध्ये नसते. वीज गेली तर सगळंच थांबलं. रंग बदलताना वाटी, सुई, तोंड धुवावं लागतं ते वेगळंच. चार रंगांचं डिझाइन असेल तर धुण्यातच अर्धा वेळ जातो. शहरात एकामागून एक वीस बायका तीच गुलाबी-पांढरी छटा मागत असतील तर हा खटाटोप परवडतो. इथे प्रत्येकीला वेगळं हवं असतं.

एअरब्रशची बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याचा रंग नखावर पडता पडता वाळतो. छटा तर हातानं तशी येतच नाही. स्पंजानं थापून मी बरीच जवळ नेते, पण बारकाईनं पाहिलं की स्पंजाचे दाणे दिसतात. फवाऱ्यात दाणा नाही. बोटांच्या कातडीवर जो रंग उडतो त्याची बायकांना आधी भीती वाटते, पण तो पाण्याचा रंग आहे. नखावर टॉप कोट चढून पक्का झाला की हात साबणानं धुवायचे, कातडीवरचा निघून जातो, नखावरचा राहतो. पहिल्यांदा पाहणारीला हे जादूसारखं वाटतं आणि मला ते चेहरे बघायला आवडतं.

पण नवरीला काय हवं असतं? नथ हवी असते. पैठणीचा मोर हवा असतो. नवऱ्याच्या नावाचं अक्षर हवं असतं, तेही अनामिकेवर. इथे फवारा थिटा पडतो. छाप वापरून मोर मारता येतो, नाही असं नाही. पण छाप सपाट असतो आणि नख कमानीसारखं वाकलेलं. कडेला छाप जरा उचलला गेला की फवारा खाली शिरतो आणि मोराची मान फुगते. शिवाय छाप ठरलेल्या मापाचे. अंगठ्याला बसणारा मोर करंगळीला बसत नाही, कारण करंगळीचं नख जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर रुंद.

हातानं नथ कशी काढते ते सांगते. आधी मरून जेलचा कोट, तो दिव्याखाली पक्का. त्यावर चमक नसलेला थर, म्हणजे ब्रश घसरत नाही. मग लायनर ब्रश, मोजक्या केसांचा, लांब. त्याला सोनेरी रंग लावून एक कमान ओढायची, श्वास रोखून, मनगट टेबलावर टेकवून आणि करंगळी गिऱ्हाइकाच्या बोटावर टेकवून. हा टेकू नसेल तर रेघ थरथरलीच. कमानीवर डॉटिंग टूलनं पांढऱ्या मोत्यांचे ठिपके, आधी मोठा, मग उतरते. रंग टोकावर एकदाच घेऊन ओळीनं ठिपके दिले की ते आपोआप लहान होत जातात, वेगळं मोजावं लागत नाही. मधोमध लाल खडा आणि त्यावर सुईच्या टोकानं पांढरा कण, म्हणजे खडा चमकतो. ज्या नवरीचं नख रुंद तिची नथ आडवी पसरते, जिचं लांबट तिची उभी वळते. एका हाताच्या नथा दुसऱ्या हातासारख्या तंतोतंत येत नाहीत. एकदा एक आजी नातीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "ही तर आपल्या घरची नथ हाये." नातीनं घरातल्या नथीचा फोटो मला आधीच दाखवला होता. छापात ती नथ कुठून येणार?

लग्नातल्या विधींचा क्रमही नखांचं गणित ठरवतो. मेंदी आधी, मग हळद, मग लग्न. मेंदीतला लॉसोन नावाचा रंग नखाच्या केराटिनला धरून बसतो आणि कशानंही निघत नाही. बोटांची नखं महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतात, म्हणजे नख वाढून पूर्ण बदलेपर्यंत सहा महिने तो रंग राहतो. हळद तर जेलच्या फिकट रंगांनाही पिवळं करते. म्हणून मी मेंदी काढणारीला नखं सोडून काढायला सांगते आणि नखांचं काम हळद धुतल्यावर रात्री किंवा लग्नाच्या पहाटे करते. अशा वेळी हातात तास-दीड तास असतो आणि नवरीच्या खोलीत दहा बायका. तिथे कॉम्प्रेसर घेऊन जायचा, प्लग शोधायचा, फवाऱ्याचे कण शालूवर उडू नयेत म्हणून सगळ्यांना लांब बसवायचं, हे जमत नाही. ब्रश, चार बाटल्या आणि तळहाताएवढा दिवा पर्समध्ये मावतात.

आणि लग्नाबाहेरच्या बायका? माझ्या गिऱ्हाइकांत कापूस वेचणाऱ्या आहेत, भाकरी थापणाऱ्या तर सगळ्याच. वेचणीत बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडा सोलवटतात, म्हणून नखं आखूडच ठेवावी लागतात. आखूड नखावर छटेला जागाच नसते. गुलाबी संपून पांढरा सुरू व्हायच्या आत नख संपतं. पण आखूड नखाच्या कोपऱ्यात तीन पाकळ्या आणि एक ठिपका सुंदर दिसतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, गौरीला या बायका हौसेनं येतात. दोन बोटांवर फूल, बाकीच्यांवर साधा रंग, एवढंच मागतात. त्यांना लांब कृत्रिम नखं मी स्वतःहून कधीच सुचवत नाही. कामात ती अडकली, ओढली गेली तर खालचं खरं नख उचकटतं.

मग एअरब्रशचं खरं घर कुठलं? माझं मत स्पष्ट आहे. तो सुट्या, चिकटवायच्या नखांसाठी आहे. ती नखं काडीवर ओळीनं लावायची, फवारा मारायचा. बोट नाही, कातडी नाही, घाई नाही, नवरी समोर नाही. परभणीच्या मुलींच्या ऑर्डरी मी अशाच करते. फवाऱ्यानं छटा देते आणि वरची नक्षी हातानं. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांतही हेच चालतं. अंगाचा रंग आणि त्यावरची छटा कॉम्प्रेसरच्या गननं मारतात, पण डोळ्यांची आखणी हातानंच होते, आणि ती करणाऱ्या कारागिराला कारखान्यात मान असतो. कारण मूर्तीत जीव येतो तो डोळ्यांत. नखावरचा जीवही त्या शेवटच्या रेघेत असतो, असं मला मनापासून वाटतं.

दोन गोष्टी आरोग्याच्या. एअरब्रशचा फवारा डोळ्यांना नीट दिसत नाही, पण नाकात जातो. खिडकी उघडी हवी, तोंडाला मास्क हवा, करणारीलाही आणि करून घेणारीलाही. जेल वापरताना ते कातडीला लागू द्यायचं नाही. कच्चं जेल कातडीवर राहिलं तर काहींना अ‍ॅलर्जी होते, आणि एकदा झाली की ती सहसा जात नाही. जेल पक्कं करणाऱ्या टीपीओ या रसायनावर युरोपीय संघानं १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली आहे. आपल्याकडे बाटली घेताना त्यावरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घ्या. लेबल नसलेली सुटी बाटली स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींचा पहिला हट्ट मशीनचा असतो. घरचे कर्ज काढून कॉम्प्रेसर घ्यायला तयार असतात, कारण मशीन दिसली की धंदा खरा वाटतो. त्या मुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना माझं सांगणं आहे. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, जमलं तर तो करा. नखांच्या कामासाठी आधी एक चांगला लायनर ब्रश, एक डॉटिंग टूल आणि सरावाच्या टिपांचं, म्हणजे प्लॅस्टिकच्या नखांचं, पाकीट घ्या. रोज संध्याकाळी टिपांवर सरळ रेघ, कमान आणि ठिपक्यांची ओळ काढा. हात थरथरायचा थांबला, चार नवऱ्या तुमचं नाव सांगून दुसऱ्या चौघींना पाठवू लागल्या, की त्या कमाईतून एअरब्रश घ्या आणि पाणी अडवणाऱ्या बाटलीसकट घ्या.